आवाज बंद करून पाहिलेली भाषणं

एप्रिलमधल्या एका गुरुवारी माझे पती चर्चच्या हॉलमध्ये सात मिनिटं बोलले आणि लोक उठून उभे राहिले.

त्याच्या महिनाभर आधी, त्याच हॉलमध्ये ते बोलत असताना शेवटच्या रांगेतल्या एका गृहस्थांना झोप लागली होती. हे माझ्या पतींनीच मला घरी येऊन सांगितलं, हसत, पण कोट न काढता बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मेडनहेडच्या पुढे थेम्सच्या काठावर आमचं लहानसं गाव. तिथे ते सत्तावीस वर्षं जीपी, म्हणजे गावाचे फॅमिली डॉक्टर होते. निवृत्तीनंतर ते कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले ते एकाच कारणासाठी. गावातल्या हॉस्पिटलात कापलं, भाजलं, मुरगळलं की जाण्यासाठी एक छोटा विभाग होता. तो रात्री आठपर्यंत उघडा असायचा. आता तो पाचला बंद होणार होता. हे होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिलीच काही वर्षं. घरात नवा डीव्हीडी प्लेअर आला होता.

पुण्यात कॉलेजात असताना त्यांनी वादविवाद स्पर्धांच्या ढाली जिंकल्या होत्या. विषय चिठ्ठीवर यायचा, अनुकूल बोलायचं की प्रतिकूल तेही आयत्या वेळी कळायचं. "मी दोन्ही बाजूंनी पहिला आलोय," असं ते अभिमानानं सांगत. मराठीत त्यांचा आवाज लागला की ऐकणारा हलत नसे. इंग्रजीत मात्र ते पेशंटला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगितल्यासारखे बोलत.

मी गावच्या लायब्ररीत आठवड्यातले तीन दिवस काम करायचे. त्या जर्मन हुकूमशहावरच्या माहितीपटांचा संच त्यांनी मागितला आणि तो मीच माझ्या कार्डावर घरी आणला. हे लिहायला मला बरेच दिवस लागले, पण ते तसंच झालं. बुधवारी दुपारी ते पडदे ओढून, आवाज बंद करून बघत बसायचे. हातात वही. तो माणूस मंचावर येऊन किती वेळ गप्प उभा राहतो, हात कधी छातीशी नेतो, कुठल्या वाक्यानंतर थांबतो, ते लिहून काढायचे.

"अहो, शिकायला दुसरं कुणी नाही का मिळालं?" मी विचारलं.

"चांगल्या माणसांची भाषणं छापलेली असतात गं, ती वाचून समजतात. याचं भाषण वाचलं तर नुसता कचरा आहे. मग माणसं वेडी कशानं झाली? ते कागदावर नाही, ते इथे आहे." त्यांनी पडद्यावरच्या हातांकडे पेन रोखलं.

"असेल. तुम्हाला ते कशाला हवं?"

"कॉलरा न शिकता डॉक्टर होता येतं का?"

"कॉलरा शिकतात तो बरा करायला. गावाला द्यायला नव्हे."

त्यांनी रिमोट उचलला आणि तेच दृश्य मागे नेलं.

मग तो गुरुवार. ते मंचावर गेले आणि काहीच बोलले नाहीत. खुर्च्या सरकवल्याचे आवाज थांबले, खोकले थांबले. मग इतक्या हळू सुरुवात केली की सगळे पुढे झुकले. आपल्या दवाखान्यातल्या एका मुलाच्या भाजलेल्या हाताची गोष्ट त्यांनी सांगितली. मग थांबले. मग म्हणाले, "त्या दाराला कुलूप लागणार आहे. आणि पुढचं मूल मोटरवेवर, ट्रॅफिकमध्ये, आपल्या मांडीवर जाणार आहे." पुन्हा थांबले. लोक उभे राहिले. तिसऱ्या रांगेत मीही उभी राहिले. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं की कुलूप कुणीच लावणार नव्हतं. वेळ तीन तासांनी कमी होणार होती. तसं हॉस्पिटलचं पत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं.

गाडीत मी विचारलं, "कुलूप कुठून आलं?"

"आलं," ते म्हणाले. "मी थांबलो होतो ना, त्यापुढे काहीतरी मोठं लागत होतं."

रविवारी आम्ही वेम्बलीला एका मित्राकडे जेवायला गेलो. तिथे त्यांनी डीव्हीडीची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. "वहिनी, यांना मिशी मात्र ठेवू देऊ नका हं!" मित्र म्हणाला. "आमच्या शाळेत पीटीच्या सरांना आम्ही त्याच्याच नावानं ओळखायचो. सर खूश व्हायचे." त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पुण्यात त्या माणसाचं आत्मचरित्र फुटपाथवर परीक्षेच्या गाइडांशेजारी मांडलेलं असतं. आपल्याकडे तो एक कडक माणूस म्हणून राहिला, लांबचा.

आणि तीच गोष्ट त्यांनी मंगळवारी, त्याच हसऱ्या सुरात, आमच्या किचनमध्ये त्यांच्या इलेक्शन एजंटला सांगितली. एजंट म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धातून परत आले नव्हते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा हेडमास्तरांनी कप बशीत ठेवला. माझे पती बोलायचे थांबले.

"डॉक्टर," एजंट म्हणाले, "हे बाहेर कुणालाही सांगू नका."

"आय अ‍ॅम सो सॉरी, मी विचार न करता..."

"कुणालाही नाही." त्यांनी मतदारांच्या याद्या गोळा केल्या, कोट घातला. दारात वळून म्हणाले, "शनिवारच्या सभेत मात्र अगदी तसंच बोला."

ते चिडले असते तर मला इतकी भीती वाटली नसती.

त्याच आठवड्यात त्या विभागातली एक नर्स लायब्ररीत पुस्तकं परत करायला आली. माझे पती कोण ते तिला ठाऊक होतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला लोक येऊन शिव्या देतायत. कुलूप लावणार म्हणून. काल ती रडत घरी गेली." मी तिची पुस्तकं स्कॅन केली. घरी येऊन त्यांना सांगितलं.

त्यांनी हातातली वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शनिवारी दुरुस्त केलं तर मी खोटं बोललो हे कबूल करावं लागेल. हरेन मी."

"हो."

"आणि हरलो तर पाचला बंद होणार. नक्की."

"अहो, मला माहीत आहे."

शुक्रवारी आमच्यात जेवणापुरतं बोलणं झालं. ते काय करणार हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही नव्हतं.

शनिवारी हॉल भरला होता. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. एजंट दाराशी होते. हे मंचावर गेले, गप्प राहिले, आणि मी माझ्या पर्सचा पट्टा मुठीत धरला. हळू आवाजात ते म्हणाले, "गेल्या वेळी मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली." थांबले. "कुलूप लागणार नाही. कुणी लावणार नव्हतं. फक्त तीन तास कमी होणार आहेत. तिथे काम करणाऱ्या कुणाचाही त्यात दोष नाही." पुन्हा थांबले. हात नकळत छातीशी गेला.

लोक उभे राहिले. गुरुवारपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजल्या. बाहेर पडताना एका आजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर, डोन्ट लेट देम लॉक इट," त्या म्हणाल्या.

गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली नाही.

"मी काय म्हणालो ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आणखी कुणी ऐकलं?"

दारात उभे असलेले एजंट आमच्याकडे बघून हात हलवत होते.

ते निवडून आले. चार वर्षं कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी कागदावरून वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, एका सुरात. लोक कंटाळत. विभागाची वेळ सहापर्यंत ठरली, तीही समितीच्या एका लांबलचक पत्रव्यवहारातून. पुन्हा ते उभे राहिले नाहीत.

राजकारण्यांनी अशा माणसांची भाषणं अभ्यासावीत का, यावर आम्ही नंतरही वाद घालत राहिलो. त्यांचं म्हणणं होतं, जरूर अभ्यासावीत. नाहीतर आपल्यावर कुणी तेच चालवत असेल तर कळणार कसं? मी म्हणायचे, तुम्हाला ते तीन बुधवारांत आलं आणि विसरायला चार वर्षं लागली. यावर ते हसायचे, पण मान्य करायचे नाहीत. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा समोरच्या टीव्हीवर कुणी नेता बोलत होता, तेव्हा ते मला म्हणाले, "आता बघ, थांबेल." तो थांबला.

ते जाऊन चौदा महिने झाले. आमचं एकमत झालं नाही. त्या गुरुवारी हॉलमध्ये मी आधी उठून उभी राहिले आणि मग ऐकलं, एवढंच मला आजही खात्रीनं सांगता येतं.