वधूच्या हातचं

माझ्या लग्नाचं रुखवत सेलूतल्या कितीतरी मांडवांत मांडलं गेलं. त्यातला एकही मांडव माझा नव्हता. माझं लग्न झालं ते फार उशिरा, घाईघाईत, चार माणसांत, आणि तिथे रुखवत मांडायला कोणी थांबलंच नाही. हे मी आता हसून सांगते. पण तेव्हा हसू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आताही फारसं येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्याकडे मुलगी मॅट्रिक झाली की रुखवताला बसायची, मग लग्न ठरलेलं असो वा नसो. शेवया, कुरड्या, पापड हे लग्न ठरल्यावर. शोभेच्या वस्तू मात्र आधीपासून करून ठेवायच्या. लग्नाच्या दिवशी मांडवाच्या एका बाजूला टेबलं लावून हे सगळं मांडायचं, वर पुठ्ठा टांगायचा, ‘वधूच्या हातचं’, आणि वराकडच्या बायका एकेक वस्तू उचलून, उलटी करून पाहणार. मुलगी कशी आहे हे त्या तिच्या तोंडाकडे पाहून ठरवत नसत, टाक्याची मागची बाजू पाहून ठरवत.

बाकीच्या मुली लोकरीचा कुत्रा नाहीतर मण्यांचा मोर करत. एकीनं केला की गल्लीभर तोच मोर. मला त्या मोराचा भारी वैताग. मी ठरवलं, आपण दमणी करायची. दमणी म्हणजे छत असलेली हलकी बैलगाडी, नवरीला सासरी नेतात ती. आई म्हणाली, “अन् थे कायची करशीन?” मी म्हटलं, “जे सापडन त्याची.”

सापडवून द्यायला बाबा होते. बाबा कापसाच्या जिनात कारकून. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा आणि ते एकदम म्हातारे दिसायचे. बोलणं कमी. पण सुटीच्या दिवशी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाच्या अंगाला घेऊन जायचे. आई दारातून ओरडायची, “बापलेकीले कामधंदा नाई. काटे वेचाले चालले जंगलात.” आणि आम्ही खरंच काटे वेचायला जात होतो. बाभळीचे पांढरे काटे जोडीनं येतात, एका देठाला दोन, अगदी बैलाच्या शिंगांसारखे. ते बाबांनी मला दाखवले. वेलीवर तडकलेल्या शेंगांतून लाल-काळ्या गुंजा दिसायच्या, त्या मी ओच्यात भरायची. बैलांचे डोळे त्यांचे होणार होते. छतासाठी शिंदीची पानं, दांड्यांसाठी पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहतात ती झाडं. परत येताना बाबा नाल्याजवळ सायकल उभी करायचे, आईनं बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा आम्ही दगडावर बसून खायचो, आणि बाबा कुठल्याशा पक्ष्याची शीळ घालायचे. पक्षी उत्तर द्यायचा. मग मला ते ऐकू आलं की नाही, म्हणून माझ्याकडे पाहायचे. आयुष्यात मी खूप सुखी होते असे दिवस मोजायला बसले, तर ते सगळे त्या रस्त्यावरचे निघतील.

दमणीला पुरता हिवाळा लागला. चाकांच्या कडा बांबूच्या कमचीच्या, आरे खराट्याच्या काड्यांचे, मधला तुंबा दोऱ्याच्या लाकडी रिळाचा. आस म्हणून बाबांनी सायकलची जुनी तार सरळ करून दिली. बैल पांढऱ्या कापडाचे, आत कापूस. त्यांच्या झुलीसाठी आईनं, तोंडानं कुरकुरतच, आपल्या लग्नातल्या चोळीचा तुकडा काढून दिला. आत नवरी बसवली, डोईवर पदर घेतलेली. आणि चाकं फिरायची. जमिनीवर ठेवून जरा लोटलं की दमणी सरळ चालायची. पहिल्यांदा चालली तेव्हा बाबा जमिनीवर पालथे पडून चाकं पाहत होते, आणि आई म्हणाली, “बुढा येडा झाला.” पण तीही हसत होती.

ती दमणी घरात महिनाभरसुद्धा राहिली नाही. समोरच्या घरातली माझी मैत्रीण, माझ्याच वयाची, तिचं लग्न अचानक ठरलं, वर्ध्याला. तिची आई आली. “पोरीचं रुखवत काईच झालं नाई वं बाई. तुमची दमणी द्या दोन दिवसासाठी.”

“घेऊन जा ना,” आई म्हणाली. “थे काय इथं गवत खाऊन राह्यली?”

मी आईला आत ओढलं. “माय, माह्या लग्नाची हाये थे.”

“तुह्या लग्नात कोन नाई म्हनते? दुसऱ्याच्या मांडवात वस्तू गेली का आपला मांडव लवकर पडते.”

हे तिनं कुठे ऐकलं होतं देव जाणे. पण एकदा दिल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. रुखवत उसनं देणं-घेणं सगळीकडे चाले, कोणी त्याबद्दल बोलत मात्र नसे. मांडवात ‘वधूच्या हातचं’ म्हणून ठेवायचं, वराकडच्यांनी ‘वा’ म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत आणून द्यायचं. मैत्रिणीच्या सासूला दमणी इतकी आवडली की ती म्हणाली, गाडीत ठेवा, सोबत नेऊ. तेव्हा हिची आई म्हणे, “तिच्या लहान्या भावाचा जीव जडला आहे हो दमणीवर, राहू द्या.” खोटं बोलण्यात आमच्या गल्लीचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग दमणी फिरतच राहिली. दर लग्नसराईला कोणी ना कोणी दारात उभं. परत यायची तेव्हा कधी शिंग मोडलेलं, कधी नवरीच्या पदराला जिलबीचा पाक. मी शिव्या घालत दुरुस्त करायची. ते दुरुस्त करणं मला आवडायचं, हेही कबूल करायला हवं. तेवढ्यापुरती ती पुन्हा माझी व्हायची. दरम्यान मला पाहायला येणारे येत होते आणि जात होते. कुठे रंग आडवा आला, कुठे उंची, कुठे बाबांची नोकरी. गल्लीतल्या सगळ्या मुली माझी दमणी दाखवून सासरी गेल्या आणि मी शिंगं चिकटवत बसले. कोणाला राग येणार नाही?

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचं स्थळ आणलं ते माझ्या त्याच मैत्रिणीनं. तिच्या नवऱ्याच्या आत्याचा मुलगा, कचेरीत नोकरीला. तिनं माझं भलं व्हावं म्हणूनच आणलं, त्यात शंका नाही. मुलगा आणि त्याची आई, दोघंच आली. माझे पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि त्याची आई माझ्या आईबरोबर मागचं अंगण पाहायला गेली. बाबांना काय सुचलं कोण जाणे. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दमणी घेऊन आले. कोणती वस्तू कोणाच्या मांडवात गेली होती हा बायकांचा हिशेब. तो त्यांच्या डोक्यात कधी नव्हताच. लेकीचं काम दाखवावं, एवढंच त्यांना कळलं.

मुलगा खुर्चीवरून उतरून सरळ जमिनीवर बसला. त्यानं दमणी हलकेच लोटली. ती चालली. तो वर पाहून म्हणाला, “आस कशाचा हो?”

“सायकलच्या तारेचा.”

“तुम्ही केली?”

“हो. तार बाबांनी दिली.”

त्यानं बैलाच्या शिंगावर बोट ठेवलं, काढलं, आणि हसला. “काटा आहे,” म्हणाला. मला पाहायला आलेल्यांपैकी कोणी मला स्वयंपाक सोडून काही विचारलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. मला तो आवडला. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मला वाटलं, या माणसाबरोबर हिंगणीला जाता येईल.

तेवढ्यात दोघी आया आत आल्या. त्याच्या आईनं दमणीकडे पाहिलं.

“अगंबाई, ही तर मी पाहिली आहे. माझ्या भाच्याच्या लग्नात. तुमच्या समोरच्यांच्या मुलीनं केली होती ना? रुखवतात पुठ्ठा होता.”

माझी आई पांढरी पडली. मी म्हटलं, “नाही काकू. मीच केली आहे.”

बाई आईकडे वळल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर समोरच्या घराकडे पाहिलं. मैत्रिणीला तेव्हा दिवस गेले होते, आणि तिची सासू कशी आहे हे आख्ख्या सेलूला ठाऊक होतं. रुखवत उसनं होतं हे कळलं असतं तर तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

“तिचीच हाये,” आई म्हणाली. “दुरुस्तीले आली इथं. इनं डागडुजी केली थोडी, म्हनून तसं म्हनते.”

मी पुन्हा म्हटलं, “मीच केली.” आवाज चढला होता माझा.

“चूप,” आई म्हणाली.

मुलगा उठला. त्यानं गुडघे झटकले. बाबा भिंतीला टेकून उभे होते; त्यांना आता सगळं कळलं होतं, आणि ते खाली दमणीकडे पाहत होते. त्याची आई शांतपणे म्हणाली, “असू द्या हो. काम येत नसलं तरी शिकता येतं. दुसऱ्याचं आपलं म्हणून दाखवायची सवय तेवढी वाईट.”

चहा घेऊन ते गेले. मुलगी खोटं बोलते, म्हणून नकार आला.

त्या दिवशी मी आईशी जितकं भांडले तितकं कधी भांडले नाही. ती म्हणाली, “खरं सांगतलं असतं तं त्या पोरीचा संसार मोडला असता.”

“अन् माह्या?”

“तुह्या मांडलाच नाई अजून. मोडन काय?”

हे ती रागानं नाही बोलली. भाताचं पाणी काढता काढता बोलली. म्हणूनच ते माझ्या अजून लक्षात आहे. बाबा कितीतरी दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते. एका सुटीला त्यांनी सायकल बाहेर काढली, माझी वाट पाहिली, आणि मी बाहेर आले नाही तशी परत आत लावली. ती दमणी मग मी कोणाच्या मांडवाला दिली नाही. मागणारे आले, त्यांना आईच सांगू लागली, मोडली म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रीण माहेरी आली, कडेवर लेकरू घेऊन. माझ्याकडे आली आणि रडली. तिला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, “मंग सांग ना एकदा, कोनी केली थे.”

“आता कसं सांगू वं? सासू म्हनन, माहेरचं सारंच लबाड हाये.” मग डोळे पुसून म्हणाली, “अन् आता नणदेचं लग्न हाये. सासू म्हनते, तसीच दमणी तिच्या रुखवताले कर. मले तं टाका धड घालता येत नाई. तू करून देजो ना. कोनाले समजनार नाई.”

मला वाटलं होतं मी तिला हाकलून देईन. पण मी म्हटलं, “मी हात लावनार नाई. तू कर. मी बसून सांगन.”

दुपारभर ती माझ्यासमोर बसायची. लेकरू झोळीत, आणि ही सुई बोटात टोचून घेतेय. बाबा न सांगता बाभळीचे काटे आणि गुंजा आणून ओसरीवर ठेवून गेले. तिचा पहिला बैल शेळीसारखा झाला. दुसऱ्याला मान नव्हतीच. मी उसवायला लावायची, ती निमूटपणे उसवायची. चाकं काही केल्या गोल होईनात, फिरायची तर गोष्टच सोडा. पण एके दिवशी एक बैल चारी पायांवर उभा राहिला, आणि ती त्याच्याकडे बघतच बसली. लेकरू रडत होतं तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“उभा राह्यला वं,” ती म्हणाली. “म्या केलेला.”

तिचं तोंड असं झालं होतं की मला तिचा राग करता येईना, आणि राग येत नाही म्हणून माझाच मला संताप आला. जे एकच माझ्याजवळ होतं तेही मी तिला शिकवून बसले होते.

नणदेच्या लग्नाला तिच्या माहेरच्यांबरोबर आम्हालाही वर्ध्याला बोलावणं होतं. आई म्हणाली, नाही गेलं तर वाईट दिसेल. गेले. पलीकडच्या पंगतीत तो मुलगा वरण वाढत होता; त्याचंही लग्न होऊन गेलं होतं, बायको हिरवा शालू नेसून फिरत होती. रुखवताच्या टेबलावर मैत्रिणीची दमणी होती. एका बाजूला कललेली, एक बैल दुसऱ्याहून मोठा. तिथे नवरीची आत्या, म्हणजे त्या मुलाची आई, बायकांना एकेक वस्तू दाखवत होती. तिनं मला ओळखलं. दमणी उचलून माझ्यापुढे धरली.

“बघ बाई,” ती म्हणाली, “मागच्यासारखी जमली नाही यावेळी, सूनबाई लेकुरवाळी झाली ना. पण याला म्हणतात स्वतःच्या हातचं काम. कोणी केली, सांग बरं?”

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मैत्रीण माझ्या शेजारीच उभी होती, मान खाली घालून.

मी म्हटलं, “तिनंच केली, काकू.”

आणि यावेळी ते खरं होतं. मैत्रिणीनं पदराखाली माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि जेवायला जाऊन बसले.