कोनाड्यातला पालथा कप

आमच्या वस्तीवर कुणाच्या अंगात आलं की मला बोलवायचे नाहीत. मी हसते म्हणून. ओढ्याकाठच्या चिंचेखालून दिवेलागणीनंतर जायचं नाही असं सगळ्या बायका बजावायच्या, तर मी सरपणाचा भारा घेऊन मुद्दाम तिथूनच यायचे. माझे वडील राहुरीला साखर कारखान्यात लॅबमध्ये कामाला, मी मॅट्रिक झालेली... भूतखेत म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे माझं ठाम मत होतं. आजही बऱ्यापैकी तेच आहे. फक्त एक गोष्ट त्यात कुठेच बसत नाही, ती इथे लिहिते. पटली तर ठीक, नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या.

राहुरीहून सोनईला येताना, सोनईच्या अलीकडे, आमची चार घरांची वस्ती. साल बहात्तरचं सरून त्र्याहत्तर लागलेलं, म्हणजे दुष्काळ ऐन भरात. विहिरीचा तळ दिसत होता. टँकर आला की हंडा भरून मिळायचा आणि त्यात माणसं, म्हैस, सगळं भागवायचं. घरात आम्ही तिघंच — सासरे, म्हणजे मामंजी, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि मी. मूलबाळ अजून नव्हतं. आमचे हे बोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. विहिरीत सूर मारणारा हा माणूस, मुंबईच्या गोदीतल्या चुलत्याच्या ओळखीने मालवाहू बोटीवर चढला आणि वर्षातून एकदा घरी यायला लागला.

त्या वर्षी आले तेव्हा माझ्यासाठी दोन नायलॉनच्या साड्या, एक ट्रान्झिस्टर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला हाँगकाँगचा एक कप घेऊन आले. पांढरा, चिनी मातीचा, बिनकानाचा, मुठीत मावेल एवढा. तळाला निळा मासा काढलेला. मी म्हटलं, एवढ्या लांबून येऊन कान तुटलेला कप आणलात होय? मामंजींचं वेगळंच. चिनी माल म्हटल्यावर त्यांना बासष्टची लढाई आठवली, ते भांडं घरात नको म्हणाले. हाँगकाँग इंग्रजांचं आहे हे पटवायला ह्यांना दोन दिवस लागले.

हे बोलायला बसले की वस्तीवरचे पुरुष अंगणात येऊन बसायचे. विषय एकच, हाँगकाँगचे बार. बोट बंदराला लागली की संध्याकाळी सगळे खलाशी तिकडेच पळतात म्हणे. रस्त्यावर दिव्यांच्या पाट्या एकीवर एक टांगलेल्या, लाल, हिरव्या, की आभाळ दिसत नाही. खालून ट्राम जाते. आत गोव्याची पोरं बँड वाजवतात. दारातून बाही धरून आत ओढतात त्या बारमध्ये शिरायचं नाही. बसण्याआधी भाव विचारायचा. शेजारी बाई येऊन बसली आणि 'मला पण एक' म्हणाली तर समजायचं, तिच्या ग्लासात चहाचं पाणी आणि बिल व्हिस्कीचं. आमच्याकडची ही माणसं दारूबंदीची जीप दिसली की ओढ्यात उड्या मारणारी... पण माना अशा डोलवायची जणू सकाळच्या एसटीने हाँगकाँगलाच निघाली आहेत. मी आतून विचारलं होतं, ती बाई शेजारी बसायची की समोर? त्या दिवशी गप्पा लवकर संपल्या.

ह्यांचा नेहमीचा बार एका म्हातारीचा. पाटीवर हिरवा मासा, बाकी अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. तिला हे 'मावशी' म्हणायचे. तिच्या मागच्या फळीवर नेहमीच्या खलाशांचे कप असायचे, ज्याचा त्याचा वेगळा. बोट सुटायच्या आधी शेवटचा घोट घ्यायचा आणि आपला कप आपल्या हाताने पालथा घालायचा. परत आलो की आपणच सुलटा करायचा. मध्ये कुणी हात लावायचा नाही. पण एखादा समुद्रात गेल्याची बातमी आली, तर मावशी त्याचा कप सुलटा करून काठोकाठ पाण्याने भरायची, एक संध्याकाळ तसाच ठेवायची आणि मग समुद्रात ओतून यायची. ओतला की माणूस संपला, मग त्याचं नाव काढायचं नाही. आता ती गल्ली पाडून मोठ्या इमारती होणार होत्या, म्हणून मावशीने ज्याचा कप त्याला देऊन टाकला होता; हा ह्यांचा.

हे निघाले तेव्हा त्या कपातून घोटभर चहा प्यायले, फडक्याने पुसला आणि माजघरातल्या कोनाड्यात स्वतः पालथा ठेवला. मला म्हणाले, "मी येईपर्यंत असाच ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, राहील की, त्याला काय पाय फुटणार आहेत?

आत्याबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे मावशीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी कप सुलटा. मी पुन्हा पालथा केला. माझा विश्वास नव्हता, पण ह्यांनी सांगितलं होतं. आत्याबाई कडाडल्या, "लेकरू परमुलखात, आन् त्याचं भांडं पालथं घालतीस व्हय?" मी कानाशी जाऊन सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं, चेहरा उतरला, आणि परत हात लावणार नाही म्हणाल्या.

तरी रोज दुपारी कप सुलटा सापडायचा. मला वाटायचं त्या करतात, त्यांना वाटायचं मी मुद्दाम छळते. आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी धड बोलत नव्हतो. शेवटी त्यांनी कुलदेवीची शपथ घेतली. मी म्हटलं, मग उंदीर असेल. घरात दाणा नव्हता, उंदीर कधीच निघून गेले होते, हे मलाही माहीत होतं.

मग नणंदेच्या बाळंतपणाला आत्याबाई शेवगावला गेल्या. मामंजी आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. त्या दिवशी माझ्या बोटाला लागलं म्हणून मी भर दुपारी एकटीच परत आले. बाहेरून कुलूप होतं, ते मीच काढलं. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तशी आली, आणि मला आधी वास आला. ओला, खारट वास... मुंबईला चौपाटीवर आला होता तसा. आमच्या माजघरात. तिथून समुद्र दीडशे मैल.

कप सुलटा होता. आणि भरलेला होता, काठोकाठ. तळाचा मासा पाण्याखाली हलल्यासारखा दिसत होता.

मी हसायचा प्रयत्न केला, खरंच सांगते. मग हंडा बघायला गेले. हंडा झाकलेला होता, त्यातलं पाणी सकाळी होतं तेवढंच होतं. मी करंगळी बुडवून जिभेला लावली. मीठ. नुसतं खारट नाही, कडवट. आमच्या विहिरीचं पाणी कधीच असं नव्हतं. मी भिंतीला धरून खाली बसले.

भरलेला कप म्हणजे काय, हे मला नीट माहीत होतं. ह्यांचं पत्र येऊन महिना होऊन गेला होता. बोट कुठल्या समुद्रात आहे तेही ठाऊक नव्हतं. मी बसल्या बसल्या त्या कपाकडे बघत होते आणि बघता बघता पाणी काठाच्या वर फुगलं. सांडलं नाही, फुगून राहिलं. मग एक थेंब कोनाड्याच्या कडेवरून ओघळून जमिनीवर पडला. शेणाने सारवलेल्या जमिनीने तो लगेच पिऊन टाकला. त्याच्यामागे दुसरा आला.

ओतला की माणूस संपला. एवढंच डोक्यात. हे पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, जमिनीत नाही, समुद्रात नाही, कुठेच नाही. मग ठेवायचं कुठे? मी उठले, दोन्ही हातांनी कप उचलला आणि पिऊन टाकला. दोनच घोट होते. नंतर कप पुसला, पालथा घातला आणि वर तळहात दाबून उभी राहिले. हाताखाली कप गार होता, बर्फाला हात लावावा तसा. बाहेर ऊन भाजून काढत होतं.

मामंजी आले तेव्हा मी मोरीत वाकले होते. पोटातून पाणी येत होतं. उलटी म्हणावी तर अन्नाचा कण नाही, नुसतं स्वच्छ खारं पाणी... थांबेचना. श्वास घ्यायला फट मिळत नव्हती. मला वाटलं मी आमच्या कोरड्या मोरीत बुडून मरणार. मामंजींनी पुढे बादली सरकवली. ती भरली. हो, भरली. घरात तेवढं पाणीच नव्हतं आणि मी सकाळपासून तांब्याभर प्यायले होते. मामंजींनी पाण्याला बोट लावून चाखलं, बादली उचलली आणि परसातल्या लिंबोणीच्या बुडाशी ओतून आले. पाणी नुसतं फेकूनही देतात हे तो दुष्काळातला माणूस विसरून गेला होता, म्हणून झाडाला घातलं. मला मात्र ओरडावंसं वाटलं की ओतू नका. 

त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. सकाळी मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी सोनईला जाऊन बोट कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला तार केली. काही दिवसांनी उलट तार आली, सगळे खलाशी सुखरूप. माझा विश्वास बसेना. मामंजींनी बादली ओतली होती ना... कपातलं प्यायले म्हणून हे राहिले असतील, की बादलीबरोबर गेले असतील? मी, भुताला हसणारी, दिवसभर हाच हिशोब करत बसायचे. कप मात्र त्यानंतर कधी हलला नाही.

आत्याबाई आल्या. त्यांना सांगितलं तर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "मी असती तर मीच प्याली असती गं."

लिंबोणी दहा दिवसांत वाळली. दुष्काळात सगळंच वाळत होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

हे आले ते अडीच-तीन महिन्यांनी, न कळवता. अंगाने निम्मे झालेले. कुणी काही विचारायच्या आधी माजघरात गेले, कपाकडे बघितलं, पालथा आहे म्हटल्यावर भिंतीला टेकून रडायला लागले. मी लग्नानंतर त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

बोट अमेरिकेच्या बाजूला चालली होती. अंधार पडल्यावर हे खरकटं टाकायला बोटीच्या मागच्या टोकाला गेले, कठड्याला टेकले, फळी ओली होती, पाय सरकला. बोट वळून परत येईपर्यंत किती वेळ गेला त्यांना माहीत नव्हतं. कप्तान म्हणाला होता, एवढ्या लाटांत माणूस इतका वेळ टिकत नाही. ह्यांनी घरी कळवलं नव्हतं, आम्ही घाबरू म्हणून.

आम्ही अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. ते आपले जमिनीकडे बघत बोलत होते.

"हातपाय थकले तसा मी खाली जायला लागलो," हे म्हणाले. "तोंड उघडलं, पानी आत शिरलं. म्हटलं झालं. पण गिळावं लागंना. तोंडात यायचं आन् जायचं. पोटात थेंब न्हाई गेला. लई वेळ. जनू माझ्या वाटचं कुनीतरी पीत हुतं."

मामंजी उठून बाहेर गेले. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी ह्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं, कपापासून बादलीपर्यंत. हे ऐकून उठले. मग परसात गेले, वाळलेल्या लिंबोणीपाशी उकिडवे बसले आणि तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. परत येऊन मला म्हणाले, "तीच हाय. त्याच पान्याची चव."

शाळेतल्या मास्तरांना मी एकदा आडून विचारलं होतं. ते म्हणाले, इथे भर दुपार असते तेव्हा पृथ्वीच्या त्या अंगाला रात्र. तारीख मात्र आम्हाला जुळवता आली नाही, ना मी लिहून ठेवली होती, ना त्यांनी. राहुरीच्या डॉक्टरांनी माझं पोट तपासलं होतं, अशक्तपणा म्हणाले. कप पहिल्यांदा आपोआप कसा सुलटा होत होता, आधीपासून कसला इशारा देत होता, की त्या सुलटा होण्यानेच ह्यांचा पाय सरकला... ह्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. या शेवटच्या विचाराने मला आजही घाम फुटतो.

हे परत बोटीवर गेले नाहीत. कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले. म्हातारे होऊन, आपल्या बाजेवर, माझा हात हातात असताना गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कप मागितला, घोटभर चहा घेतला आणि स्वतः पालथा घातला. मला म्हणाले, आता कुणी हात लावू नका.

तो अजून कोनाड्यात आहे. मुलाने घर नव्याने बांधलं तेव्हा तेवढी भिंत मी पाडू दिली नाही. परसातल्या त्या जागी पन्नास वर्षांत गवताची काडी उगवलेली नाही. आणि रोज दुपारी मी एकदा माजघरात डोकावते. सुलटा दिसेल अशी भीती वाटते, तरी डोकावते. कप पालथा असतो. तांब्याभर पाणी पिते आणि परत येऊन बसते.