थंडीत मुरवलेला गालिचा

त्या गुरुवारी काजानी गावात पारा उणे अठरावर उतरला आणि हेन्नाला दातांच्या दवाखान्यात, पेशंटच्या तोंडात नळी धरून उभी असतानाच हसू फुटलं. खिडकीबाहेर बर्फ पिठासारखं उडत होतं. कोरडं, करकरणारं, मुठीत दाबलं तरी गोळा न होणारं. लोक थंडीच्या नावानं बोटं मोडत होते, हिला मात्र घरी कधी पोहोचते असं झालं होतं.

तिच्या मुलीला, सात वर्षांच्या सोह्वीला, पानगळीच्या दिवसांत खोकला लागला तो हटेचना. नर्सबाईंनी बजावलं की घरात धूळ साठू देऊ नका, आणि सफाईच्या त्या उग्र वासाच्या बाटल्या आधी बाहेर काढा. हेन्नानं त्याच संध्याकाळी सगळ्या निळ्या-हिरव्या बाटल्या काढून टाकल्या. पण दिवसभर नोकरी, नवरा योउनी लाकडांचा ट्रक घेऊन आठवडाभर उत्तरेला. साफसफाईला वेळ आणायचा कुठून? मग तिनं एका कामाच्या शेपटीला दुसरं काम बांधलं. लापशी शिजते तोवर व्हिनेगरनं ओटा, सोह्वी दात घासते तोवर सोड्यानं बेसिन, ती पोहायला गेली की पाइनच्या साबणानं फरशी. पहिल्या मजल्यावरच्या केर्त्तूमावशी म्हणायच्या, तुझ्या घरात पाऊल टाकलं की लोणच्याची काकडी होऊन व्हिनेगरच्या बरणीत पडल्यासारखं वाटतं.

सगळं जमलं, गालिचा तेवढा राहिला. हेन्नाच्या आईनं नातीसाठी विणलेला, लाल आणि शेवाळी रंगाचा, जाड लोकरीचा. विणून झाला आणि वसंतात आई गेली. सोह्वी त्यावर लोळली की खोकत सुटायची, म्हणून तो गुंडाळून तळघरात ठेवावा लागला. पोरगी रोज विचारायची, आजी कधी वर येणार? गालिच्यालाच ती आजी म्हणायची. पाण्यानं धुवावा तर हिवाळ्यात ईस्टरपर्यंत वाळायचा नाही. एकच उपाय, कोरडं बर्फ. त्यावर पालथा घालून बडवला की धूळ बर्फात उतरते. तेही यंदा पडलंच नव्हतं, नुसता चिखल. आणि आता पडलं, तर हवामानवाले सांगत होते की उद्या सकाळपासून पुन्हा गारठा ओसरणार, ओलं बर्फ पडणार. बर्फात साफ करूनही खोकला थांबला नाही, तर गालिचा देऊन टाकायचा, असं हेन्नानं मनाशी ठरवलं होतं. ते सोह्वीला मात्र सांगितलं नव्हतं.

उत्साहाच्या भरात तिनं सकाळीच गालिचा तळघरातून वर आणून ठेवला होता. कामावरून आल्या आल्या बूटही न काढता तो खांद्यावर टाकला, अंगणात नेला आणि धाडकन बर्फावर पसरला. सोह्वी टाळ्या पिटत त्यावर बर्फ उधळू लागली. पण बर्फ झटकलं जाईना. लोकरीत विरघळून त्याचे चिकट गोळे झाले.

केर्त्तूमावशी गॅलरीतून बघत होत्या.

"अगं बये, घरातला ऊनऊन गालिचा कुणी बर्फावर टाकतं का? तुझी आई वरून कपाळाला हात लावत असेल."

"मग आता काय करू, मावशी?"

"टांग त्या गालिचे टांगायच्या दांडीवर. हाडापर्यंत गार होऊ दे. आणि तोवर जेव, उपाशीपोटी काय बडवणार आहेस?"

थांबायचं हीही पंचाईतच होती. सोसायटीचा नियम असा की रात्री आठानंतर अंगणात गालिचे बडवायचे नाहीत. पण इलाज नव्हता. गालिचा दांडीवर चढवला आणि दोघी वर गेल्या. गुरुवार, म्हणजे रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि मागून जॅम लावलेलं धिरडं. सोह्वीनं जेवणाआधीची प्रार्थना इतकी भरभर म्हटली की हेन्नानं मनातल्या मनात ती पुन्हा नीट म्हटली, आणि शेवटी थंडी टिकू दे एवढं जोडलं. धिरडं हातात घेऊन दोघी आळीपाळीनं खिडकीशी.

खाली आल्या तेव्हा गालिचा फळीसारखा ताठ झाला होता. चिकटलेले गोळे चापटीसरशी काचेसारखे तडकून पडले. हेन्नानं तो बर्फावर पालथा घातला आणि बडवायला सुरुवात केली. धप, धप! सगळं अंगण दुमदुमलं. उचलून पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र बर्फावर करड्या धुळीचा चौकोन उमटलेला.

"आई, एवढी घाण आजीच्या अंगात होती?"

नवी जागा, पुन्हा तेच. या वेळी करडा रंग फिका. तिसऱ्या जागी जेमतेम सावली. तोवर केर्त्तूमावशी स्वतःच्या गालिच्याची लांब पट्टी काखेत मारून खाली आल्या होत्या, एकीच्या बडवण्यात दुसरीचंही उरकतं म्हणत. आठाच्या ठोक्याला अंगणात पुन्हा चिडीचूप झालं. तिघी धापा टाकत हसत होत्या आणि तोंडातून वाफा निघत होत्या.

गालिचा खोलीत पसरला. लाल रंग असा उजळला होता, जणू आत्ताच मागावरून उतरवलाय. सोह्वी थेट पालथी पडली आणि नाक लोकरीत खुपसलं. हेन्ना दारातच थबकली. एक खोल श्वास ऐकू आला, मग दुसरा.

"थंडीचा वास येतोय," सोह्वी आतूनच म्हणाली. "आणि थोडासा आजीचा."

खोकला आला नाही. हेन्ना कामावरच्या कपड्यांतच तिच्याशेजारी आडवी झाली. सुपाचं पातेलं ओट्यावर तसंच पडलं होतं. पडू दे, ती मनाशी म्हणाली.