कार्बोरेटरवाले बापू

जुन्या गाड्यांच्या गॅरेजात किस्से फार साठतात, कारण तिथं कुठलंच काम पटकन होत नाही. नवी गाडी लॅपटॉपला जोडली की बिघाड पडद्यावर दिसतो. जुनीचं बॉनेट उघडायचं, चहा मागवायचा आणि ऐकत बसायचं!

शाळेतून रिटायर झाल्यापासून मी सांगलीत माधवनगर रोडवर बापूंच्या गॅरेजात असाच बसतो. माझी जुनी अँबॅसेडर हे निमित्त. बापू वीस वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात होते. आता फक्त कार्बोरेटरवाल्या गाड्या घेतात. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल कालवून देणारा डबा. बापू म्हणतात, "सैपाकच हाय ह्यो. मीठ कमी-जास्त झालं की इंजिन ताट फेकतंय."

*

पहिला किस्सा माझाच. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी घरीच कार्बोरेटर खोलला, धुतला, परत बसवला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू! फक्त एक स्प्रिंग उरली.

मी ऐटीत बापूंना फोन लावला. "बापू, एक स्प्रिंग जास्तीची निघाली बघा. पण गाडी काय पळेल आता!"

फोनवर त्यांना इंजिनाची बोंब ऐकू येत होतीच.

"सर, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की वेग कमी करती ना, ती स्प्रिंग हाय ती. गाडी पळंल वं. थांबायची न्हाई!"

*

कृष्णाकाठचे एक ऊसवाले पाटील जीप घेऊन आले. काळा धूर, पेट्रोल पाण्यासारखं जातंय. तीन गॅरेजं फिरून झालेली, निम्मे पार्ट बदललेले.

बापूंनी बॉनेट उघडलंच नाही. आत डोकावले, आणि डॅशबोर्डवरच्या एका खुंटीला अडकवलेली पाटलांची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. ती खुंटी म्हणजे चोक! गार इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल सोडायला तो ओढायचा असतो. पिशवीच्या वजनानं तो कायम ओढलेला.

पाटलांनी पिशवी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "मग आता पिशवी कुठं अडकवू?"

*

पाचगणीचे एक स्ट्रॉबेरीवाले तीनदा आले. सांगलीत गाडी लोण्यासारखी चालायची, घाट चढून घरी गेली की खोकायची. चौथ्यांदा बापू स्वतःच वर गेले. मालकांच्या अंगणात बसून त्यांनी पेट्रोल सोडणारा जेट काढला, बारीक भोकाचा बसवला, स्क्रू जुळवला. गाडी शांत झाली.

मालकीणबाईंनी विचारलं, "नक्की बिघडलं काय होतं?"

"कायबी न्हाई, वैनी. वर हवा पातळ हाय."

"आम्ही तर हवेसाठीच इथं राहतो!"

"तुमी ऱ्हावा की. गाडीला इचारलं व्हतं का?"

*

एका गाडीला दोन कार्बोरेटर होते. दोन्ही सारखीच हवा ओढतात का, हे बापू रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐकतात. त्या दिवशी जतचे जनावरांचे डॉक्टर बसले होते. त्यांना ते बघवेना. "आवं बापू, नळी कसली लावताय!" म्हणत त्यांनी गाडीतून स्टेथोस्कोप आणला.

दोघं आळीपाळीनं ऐकत होते. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "डावं फुप्फुस कमी ओढतंय." निदान अगदी बरोबर!

पुढच्या आठवड्यात डॉक्टर परत आले. "बापू, ती नळी द्या जरा. म्हशीला तीच बरी पडंल असं वाटतंय."

*

कोरेगावच्या ताराकाकी. त्यांचे यजमान, सुभेदार, जाऊन तीन वर्षं झालेली, त्यांची गाडी तेव्हापासून शेडमध्ये. पुतण्या ती पुण्याला नेणार होता. त्याआधी एकदा सुरू करून द्या, असा काकींचा निरोप आला, म्हणून मी आणि बापू गेलो.

गाडी ढकलून अंगणात आणली. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. बापूंनी एकेक भोक साफ केलं. दुपारी इंजिन सुरू झालं. बापूंनी ते असं जुळवलं, की बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हलेना. त्यांनी खुशीत काकींकडं बघितलं.

काकी पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही न्हाई."

"काय न्हाई, काकी?"

"ही आमची गाडी न्हाई. ही गुमान चालतीय. त्यांची अडखळत यायची. रस्त्याला वळली की मला आतनं कळायचं, फाटक उघडाया मी उठायची."

बापूंना इंजिनाचा एक ठोका चुकलेला खपत नाही. त्यासाठी त्यांनी गिऱ्हाइकांशी भांडणं केलीत.  पण ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले.

"अशी?"

"न्हाई."

स्क्रू आणखी थोडा फिरला. इंजिन थरथरायला लागलं.

"अशी?"

"जरा अजून."

बापूंनी अगदी केसभर फिरवला. इंजिन तीन ठोके नीट चालायचं, चौथ्याला अडखळायचं, परत सावरायचं. पेल्यातलं पाणी बॉनेटवर सांडलं.

काकी उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, अंगण ओलांडून गेल्या आणि रस्त्याकडचं फाटक सताड उघडून, ते धरून उभ्या राहिल्या.

गाडी तर अंगणातच होती.