रिकामं टोपलं

आमच्या तिवशाकडच्या चर्चात कापणीच्या सणाले जो तो आपल्या वावरातलं पहिलं पीक टोपल्यात आणून वेदीपुढे ठेवतो. एका साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तूर उभ्यानं वाळली. मी बायकोले म्हटलं, "औंदा जायचं नाही. लोकायले काय दाखवतं?"

"लोकायले काहून? देवाले दाखवू. काही नाही, तं तेच नेऊ."

अन् ती रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन गेली. मी लाजेनं घरी बसलो. परत आली तं चेहरा हलका झालेला. मी म्हटलं, "येडी कुठची!"

आता ती नाही, अन् माझ्याच्यानं वावर होत नाही. यंदाच्या सणाले मी तेच टोपलं घेऊन गेलो. दारातच थांबलो. शेजारची म्हातारी म्हणे, "काय आणलं, भाऊ?"

"काहीच नाही," म्हटलं, अन् सगळ्यायसमोर रडलो. जन्मभर ताठ राहिलो, पण देव जवळ वाटला तो तवाच. मंग वेदीपर्यंत नीट चालत गेलो.

टोपलं खाली ठेवलं. त्या साली सोबत गेलो असतो, तं दोघायनं मिळून ठेवलं असतं.