गळ्यावर टाका नसलेलं ऑपरेशन

आता काय सांगू, माझा येडेपणा मीच सांगून टाकते. थोरल्या जाऊबाईंनी सांगितला तर तिखटमीठ लावून सांगतील!

औरंगपुऱ्यात माझं भाजीचं दुकान. वीस वर्षं ओरडून ओरडून घसा असा बसला, की "मेथी घ्या" म्हटलं तरी गिऱ्हाईक दचकायचं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं. म्हणाल्या, "आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. साधी आहे, कॅन्सरची नाही. भूल देऊन तोंडातूनच नळी घालू, बारीक कात्रीनं अलगद काढू. बाहेर एक टाका नाही. पण नंतर सात दिवस गप्प! कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा घोगरा."

सात दिवस! अन् मी! आमच्या मालकांनी तर तिथंच हात जोडले. माझ्यासाठी नाय, देवाचे आभार मानायला.

ऑपरेशन झालं. लेकीनं पाटी-पेन्सिल दिली. तीन दिवस मुकी बसले. चौथ्या दिवशी पिशोरहून थोरल्या जाऊबाई आल्या, शहाळी घेऊन. आता बघायला आलेल्या माणसाला टाके दाखवायलाच लागतात की नाय? त्यांनी माझी मान इकडून वळवली, तिकडून वळवली.

"कुठंय गं कापलेलं?"

मी तोंड उघडून आत बोट दाखवलं.

"आत तर नुसती जीभ हाय. तीबी पहिल्याएवढीच!"

मी पाटी ओढली. चौथी शिकलेली बाई मी! 'नळी' लिहीपर्यंत त्यांचे चार टोमणे झाले.

"कांदे काढायला ये म्हटलं की हिचं ऑपरेशन निघतं! बिनटाक्याचं! आमच्या म्हशीला बी ह्याच्यापेक्षा जास्त कापलं होतं!"

म्हशीवर आल्या अन् माझं डोकंच फिरलं.

"तोंडातून केलंय, तोंडातून! जाऊन विचारा डॉक्टरला!"

गल्लीतल्या बाया दारात आल्या. आवाज काय निघाला म्हणता, खणखणीत!

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "आवाज तर चांगला हाय की. मग ऑपरेशन कशाचं केलं?"

तेव्हा कुठं मला ते सात दिवस आठवले. तशीच रिक्षा केली. जाऊबाई आधीच आत बसलेल्या! डॉक्टरीणबाईंनी परत दुर्बीण घातली, कपाळाला आठ्या.

"जखमेला सूज आलीय. अजून वाचेल आवाज. पण आता पुन्हा पहिल्यापासून सात दिवस. कुणीतरी कडक माणूस जवळ ठेवा."

"मी हाय की!" जाऊबाई म्हणाल्या. "कांदे काढतील सुना. सात दिवस इथंच राहते, बघतेच कशी बोलते ती!"

मी मान हलवली, दोन्ही हात हलवले, डोळ्यांत पाणी आलं.

"बघा डॉक्टरीणबाई," जाऊबाई म्हणाल्या, "किती भरून आलंय बिचारीला!"