स्टेडियमला जाणारी धवलारीण

…आणि त्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं डबा उघडला मात्र, सुकटीचा असा घमघमाट सुटला की रांगेतली चार माणसं मागं हटली आणि दोन पुढं सरकली. काल इथवरच आलो होतो ना आपण? तर हौसाआजी डबा सोडायला तयार नाही आणि तो माणूस डबा आत सोडायला तयार नाही.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"बाहेरचं कुठं? घरचं हाय. सकाळी मी सोता थापल्यात भाकऱ्या. तू जेवलास का?"

तो बिचारा दुपारपासून उभा. जेवला कुठला! त्याच्या तोंडावरून ते आजीला कळलंच. मग काय, नात अंकिता लाजेनं तोंड लपवतेय आणि आजी गेटच्या बाजूला फूटपाथवर बसकण मारून त्या सिक्युरिटीवाल्याला भाकरीचा तुकडा देतेय. उरलेलं दोघींनी तिथंच खाल्लं, रिकामा डबा पिशवीत गेला, आणि मग आत जाताना त्याच माणसानं आजीचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या. तोवर पहिला गोल होऊन गेला होता. आजी त्यावरून कितीतरी दिवस नातीला बोलत होती, "तुज्या लाजेपायी माजा एक गोल गेला."

आता जे काल नव्हते त्यांच्यासाठी सांगायला हवं, की ही हौसाआजी म्हणजे विचुंब्याची धवलारीण. आपल्याकडं लग्नाचा प्रत्येक विधी धवल्यांवर, म्हणजे लग्नातल्या गाण्यांवर चालतो. धवलारीण मांडवात बसून गाते, आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. गाण्यात देवांची नावं येतात, गावदेवीचं येतं, मग नवरा-नवरीचं, त्यांच्या आईबापाचं. ज्याचं नाव गायलं त्याचं लग्न लागलं, असा हिशेब. हौसाला हे सारं तिच्या सासूनं दिलं. भात लावताना एक ओळ सासू म्हणायची, पुढच्या काकरीला हौसा. पाटी-पेन्सिल तिनं कधी धरली नाही, पण सगळं लग्न तिच्या गळ्यात.

शेतं गेली, शेतांवर बिल्डिंगी आल्या, हौसा चौथ्या मजल्यावर राहायला गेली, तरी सुपारी येतच होती. सुपारी म्हणजे आमंत्रण. लग्नघरचा मोठा माणूस येऊन पानसुपारी हातावर ठेवतो, आणि मग धवलारणीनं गळा राखायचा. थंड प्यायचं नाही, आंबट खायचं नाही, भांडायचं नाही. शेवटचं जरा अवघडच, पण हौसा तेही पाळायची.

तिचा नातू हरेश, अंकिताचा थोरला भाऊ. त्याच्या लग्नात हौसा अशी गायली की बँडवालेसुद्धा बिडी विझवून ऐकत राहिले. त्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत गव्हाणफाट्याजवळ कंटेनरनं त्याची मोटरसायकल चिरडली, तो जागीच गेला. त्याची बायको माहेरी गेली, ती परत आली नाही. घरात उरले हौसा, तिचा मुलगा-सून आणि अंकिता. कुणीच कुणाशी बोलेना. जेवायला बसले की भांड्यांचाच काय तो आवाज.

अंकिता कॉलेजात हॉकी खेळणारी. मुंबईत ते मोठं अरिना आहे ना, छतवालं, जिथं एका आठवड्यात हिरवा गालिचा अंथरून हॉकी होते आणि पुढच्या आठवड्यात गालिचा गुंडाळून गाण्यांचे मोठे कार्यक्रम होतात, तिथले पास तिला मैत्रिणींकडून मिळायचे. एका रविवारी तिनं हरेशची कार काढली, आजीला पुढं बसवलं आणि समुद्रावरच्या सेतूवरून थेट मुंबई. आजीनं समुद्र बघितला नाही, रस्ता बघितला नाही, मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहिली.

आत मात्र तिची जीभ सुटली. गोलकीपर बघून म्हणाली, "अगो, या पोराला एवड्या गाद्या का बांदल्यात? आजारी हाय काय?"

"चेंडू लागू नये म्हणून गं."

"मंग बाकीच्यांचे आईबाप काय मेले? त्यांना नाय बांदली एकपण गादी."

पुढं पेनल्टी कॉर्नर मिळाला, पोरं तोंडाला जाळ्या बांधून गोलात उभी राहिली. चेंडू सुटला, खाडकन फळीवर आपटला, आणि सगळं अरिना उठून उभं राहिलं. तेव्हा हौसाआजीच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की अंकिता दचकली. "हाण!" नव्हे, "गोल!" नव्हे. नुसतीच एक लांब आरोळी, श्वास संपेपर्यंत. बाजूचा एक सरदारजी खूश होऊन म्हणाला, "वाह माताजी!" आणि तिच्या हातावर शेंगदाण्याची पुडी ठेवली.

तेव्हापासून आजीला चटकच लागली. महिन्यातून दोनदा तरी जायचंच. हॉकी नसली तर गाण्याचा कार्यक्रम. तिथली गाणी हिंदी, पंजाबी, कधी इंग्रजी. आजीला एक अक्षर कळायचं नाही. पण हजारो माणसं मोबाईलचे दिवे वर धरून एका सुरात गायला लागली की ही पण उभी. शब्द नसले तरी तोंड उघडं, मान वर. गावच्या हळदीत ती गायला लागली की डीजेवाली पोरं हातानंच खुणावायची, आजी, आटपा. अरिनात कुणी आटपा म्हणत नव्हतं.

परत येताना आवाज बसलेला असायचा. अंकिता म्हणायची, "आजी, जरा हळू ओरड गं. तुझ्या सुपाऱ्या आहेत."

"हलू आरडायचं तं टीवीवर बगितलं असतं," असं आजी घोगऱ्या आवाजात म्हणायची आणि गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायची. दोन दिवसांत गळा सुटायचा. त्यामुळं कुणाला काही कळलं नाही.

पण त्या वर्षी घोळ झाला. भावकीतले कमळाकर, हौसाचे चुलत दीर, त्यांच्या लेकाचं, दीपेशचं लग्न ठरलं. नवरी हेतल, आपटा गावची. कमळाकरशेठचा भावकीत शब्द चालतो, देवीच्या उत्सवाचा नारळ पहिला त्यांचा. ते सुपारी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "वैनी, आवाज राखा. आपट्याची माणसं जुन्या वळणाची. त्यांना धवले पुरे लागतात."

"माजी जबान," हौसा म्हणाली.

हळद ठरली सोमवारी. आणि रविवारी अरिनात मुलींच्या हॉकीची फायनल. अंकिता नको नको म्हणत होती. आजी ऐकेना. "मी तोंडाला पदर लावून बसते, शब्द नाय काडत." गेली. पदर लावूनच बसली. पहिला अर्धा वेळ खरोखर शब्द काढला नाही. मग बरोबरी झाली, आणि एकेकीनं गोलकीपरसमोर चेंडू घेऊन यायचं असं ते सुरू झालं. तेव्हा पदर कुठला न् काय कुठला! शेवटी आपल्या बाजूच्या पोरी हरल्या. तरीही आजी ओरडत होती. माणसं जागेवरून उठून चालली, खालचे दिवे मंद झाले, आणि ती कठड्याला धरून ओरडतेच आहे. अंकितानं तिला ओढून गाडीत बसवलं.

सोमवारी सकाळी गळ्यातून नुसती हवा. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, तुळशीचा काढा झाला. आवाज काही आला नाही.

संध्याकाळी कमळाकरशेठच्या बिल्डिंगसमोर मांडव. दीपेश पाटावर बसलेला, वाटीत हळद कालवलेली, पाच सवाशिणी आंब्याची पानं घेऊन उभ्या. आपट्याहून आलेली माणसं पुढच्या खुर्च्यांवर. हौसा आपल्या जागी बसली, माईक तोंडाशी आला, आणि तिनं गणपतीचं नाव काढलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. परत काढलं. माईकमधून नुसती खरखर.

"काय झालं वैनी?" कमळाकरशेठ खाली वाकून विचारतात. हौसा गळ्याला हात लावून दाखवते.

कुणीतरी मागून म्हणालंच, "काल मुंबईला गेलती ना हॉकीला! आमच्या पोरीनं फोटो बघितला मोबाईलवर." झालं. कमळाकरशेठचं तोंड उतरलं. पण पाहुण्यांसमोर बोलायची सोय नाही. त्यांनी डीजेवाल्या बाळूला खूण केली. बाळू करंजाड्याचा, गावात कुणाला न ओळखणारा. आपला मोबाईल त्याच्या हातात देऊन म्हणाले, "भावकीच्या ग्रुपवर वैनींच्या धवल्यांचा व्हिडिओ हाय, कुणीतरी टाकलावता. तो लाव मोठ्यांदा. आवाज तं त्यांचाच हाय."

बाळूनं शोधला, लावला. आणि मांडव भरून हौसाचा आवाज घुमला. तो जुना आवाज, ठसठशीत, धारदार. सवाशिणींनी पानं हळदीत बुडवली. देव आले, गावदेवी आली. पहिलं पान दीपेशच्या गालाला लागलं, आणि स्पीकरमधून शब्द आले, हरेशबालाच्या अंगाला हलद.

हरेशच्या लग्नाचा व्हिडिओ होता तो.

बाळू आपला बटणावर बोट ठेवून खुशीत मान हलवतोय. हरेशबालाच्या कपालाला हलद, हरेशबालाच्या हाताला हलद. "हा तं गेलेल्या हरेशचा धवला!" असं किंचाळून दीपेशच्या आईनं पदरानं लेकाचा गाल पुसायला सुरुवात केली. आपट्याची एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "मेल्याच्या नावानं हलद लावलीत आमच्या जावयाला?" अंकिता धावत गेली आणि तिनं वायरच उपटली.

हौसा जागेवरून हलली नाही. मांडवात धवलारणीच्या डोळ्यांतून पाणी पडलं तर ते लग्नाला लागतं, असं तिला सासूनं शिकवलेलं. तिनं पापणी लवू दिली नाही. तोंड मात्र हळदीहून पिवळं पडलं होतं. मग तिनं अंकिताला जवळ बोलावलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि एकेक ओळ कुजबुजत सांगायला लागली. अंकिता ती ओळ माईकमध्ये म्हणे. तिला ना चाल येत होती ना ठेका, पण नाव दीपेशचं होतं. हळद परत लागली. लग्न पण लागलं.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले, आणि भावकी कमळाकरशेठच्या हॉलमध्ये बसली. हौसाचा आवाज एव्हाना थोडा परतला होता. तिला मध्ये खुर्ची दिली. अंकिता मागं उभी.

कमळाकरशेठ वाईट माणूस नाही. त्यांनी आधी पाणी विचारलं, मगच बोलले. "वैनी, तुमच्यावर राग नाय. पण आपट्याची माणसं बोलतात. उद्या पोराला नुसता ताप आला तरी तुमचं नाव निघेल. येत्या महिन्यात भावकीत दोन लग्नं हायत. लोक विचारतात, म्हातारीला सुपारी द्यायची का?"

"द्या ना दुसरीला," अंकिता मागून म्हणाली. "कुणाला येतात धवले, सांगा."

"तू गप बस गो. तुज्यामुलंच झालंय सगलं." कमळाकरशेठच्या बायकोनं हात उडवला. "या वयात चेंडू बघायला जाते! आमच्या सासूला कुणी बघितलीय अशी आरडताना?"

एकजण हसला. कमळाकरशेठनं त्याच्याकडं बघितलं, तो गप झाला. मग ते खुर्ची पुढं ओढून बसले. समोर गावदेवीचा फोटो, फोटोपुढं नारळ ठेवलेला. म्हणाले, "वैनी, एवडंच करा. नारलावर हात ठेवा आनि सांगा, आता स्टेडियमला जानार नाय. हॉकीला नाय, गान्याला पन नाय. मंग सुपारी तुमचीच, मरेपर्यंत. कुनी शब्द काडला तं मी बगतो. पन जायचंच असल तं मंग मांडवात बसू नका. दोनांतलं एक सांगा."

हौसानं नारळाकडं बघितलं. मांडव गेला तर तिचं काय उरतं, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सासूचं सगळं तिच्यातच होतं, आणि ते काढून ठेवायला दुसरा गळा नव्हता. तिचा हात मांडीवरून उचलला, नारळाकडं गेला. सगळ्यांनी श्वास सोडला. हात नारळापर्यंत पोचला नाही. तिनं तो मागं घेतला, पदराला पुसला आणि घोगऱ्या आवाजात, शब्द शब्द सुटा करून बोलली,

"भावजी, मांडवात रडायचं नाय, मी नाय रडले. त्याचं नाव मोट्या भोंग्यातून आयकलं, तरी नाय रडले. घरात रडले तं ही पोर जेवत नाय, माजा लेक गॅलरीत जाऊन उबा राहतो. तिथं मी आरडते तवा बाजूच्याला वाटतं म्हातारी गोलासाठी आरडते. तो मला शेंगदाने देतो. तुमची सुपारी मला पायजे, नाय कशी? पन आदी गावात अशी एक जागा दाखवा, जिथं मी आरडले नि कुनी धावत आलं नाय. ती दाखवा, मंग ठेवते हात नारलावर."